दूधगंगेकाठचं काळं पाणी

(पहाट. सदलग्याकडे जाणारा रस्ता, उसाच्या बैलगाड्या.)

गळीत हंगाम सुरू झाला की निपाणी-चिकोडी पट्ट्यात तो आधी नाकाला कळतो. वारा फिरला की मळीचा आंबूस वास थेट स्वयंपाकघरात येतो. याच दिवसांत ग्रीस-इटलीच्या खेड्यांत ऑलिव्हचे घाणे सुरू असतात. आणि तिथंही घाण्याबाहेर आपल्या कारखान्यांसारखंच काळं सांडपाणी साठतं.

तिथं जुन्या पद्धतीच्या घाण्यात टनभर फळामागं साधारण ४०० ते ६०० लिटर सांडपाणी निघतं. आपल्याकडं मळीपासून १ लिटर अल्कोहोल काढलं की ८ ते १५ लिटर स्पेंटवॉश, म्हणजे काळं सांडपाणी, उरतो. घरगुती सांडपाण्याचा बीओडी, म्हणजे त्यातली घाण कुजताना लागणारा प्राणवायू, लिटरला ३०० मिलिग्रॅमच्या आसपास असतो. स्पेंटवॉशचा ४० ते ५० हजार! असलं पाणी नदीत सुटलं की पाण्यातला प्राणवायूच संपतो. तडफडत वर आलेले मासे आम्ही लहानपणी काठावरून बघितलेत. त्या दिवशी गुरंसुद्धा पाण्याला तोंड लावत नसत.

(स्पेंटवॉशची बाटली उन्हात धरलेली.)

बघा, पलीकडची बोटं दिसत नाहीत. तुरटी फिरवून हा रंग जायचा नाही, तो पाण्यात पार विरघळलेला आहे. ऑलिव्हच्या पाण्यात फिनॉल असतात. पाणी साफ करणाऱ्या जिवाणूंनाच ते मारतात.

म्हणून मेम्ब्रेन. पाणी गाळणारी, कागदासारखी पातळ पटलं, नळीभोवती गुंडाळलेली. आधी मोठ्या छिद्रांची, मग बारीक; शेवटी आरओ. तिथून दाबाखाली जवळपास नुसतं पाणीच पार होतं. पण आधीचा गाळ नीट काढला नाही तर पटल बुजतं, दाब चढतो आणि सगळं थांबवून धुवत बसावं लागतं. खरी कसोटी तिथं उभ्या असलेल्या ऑपरेटरची.

आणि घाण? ती पटलाच्या अलीकडं तशीच राहते, आणखी दाट होऊन. आपल्या गावाजवळ असा प्रकल्प असेल तर हा दाट रस कुठं जातो, ते जरूर विचारा. युरोपात ऑलिव्हच्या रसातून हायड्रॉक्सीटायरोसॉल हे औषधी उपयोगाचं द्रव्य काढतात. आपल्याकडं स्पेंटवॉशचा रस आणखी आटवून बॉयलरमध्ये जाळतात, आणि राखेत पोटॅश हे खत मिळतं.

(तळहातावर करडी राख.)

हे पोटॅश याच काळ्या रानातलं, उसानं मुळावाटे उचललेलं. आणि लागणीला आपण जी पोटॅशची पोती आणतो, ती बहुतेक परदेशातून आलेली असतात.