नसलेल्या कळा

श्रोतेहो, नमस्कार.

टंकयंत्राचा विषय निघाला की बहुतेकांना त्याचा खडखडाट आणि ओळ संपत आल्याची सूचना देणारी घंटा आठवते. न्यायालयाच्या आवारात बसून लोकांचे अर्ज आणि प्रतिज्ञापत्रे टंकित करून देण्यात माझी उमेदीची वर्षे गेली. माझ्या लक्षात मात्र यंत्रावर नसलेल्या कळाच अधिक राहिल्या आहेत आणि आज मी त्यांच्याविषयीच बोलणार आहे.

ही उणीव केवळ आपल्या लिपीच्या वाट्याला आलेली नव्हती. शोल्स आणि ग्लिडन यांचे जे यंत्र रेमिंग्टन कंपनीने अमेरिकेत १८७४ च्या सुमारास बाजारात आणले, त्यावर इंग्रजीची फक्त मोठी अक्षरे उमटत असत. लहान अक्षरे १८७८ च्या पुढच्या नमुन्यात, शिफ्टच्या कळेबरोबर आली. एक हा आकडा तर त्यानंतरही कित्येक दशके अनेक यंत्रांवर नव्हता, त्याच्या जागी लहान लिपीतला एल चालवून घेत. उद्गारचिन्ह नसेल तर पूर्णविराम द्यायचा, एक घर मागे यायचे आणि त्याच्या डोक्यावर अवतरणाची उभी खूण मारायची. या सवयी इतक्या मुरलेल्या होत्या की पुढे संगणकावर बसलेल्या जुन्या टंकलेखकांनी एकाच्या जागी एल दाबला आणि बेरीज का होत नाही म्हणून ते यंत्राला दोष देत राहिले.

देवनागरीची अडचण याहून मोठी होती. छापखान्यात जोडाक्षरांसाठी शेकडो खिळे बाळगता येत. टंकयंत्रावर चाळीस-पंचेचाळीस कळा, आणि शिफ्ट धरून झाली तर नव्वदच्या आसपास घरे. एवढ्यात स्वर, व्यंजने, काना-मात्रा, आकडे आणि विरामचिन्हे बसवायची होती. रेमिंग्टन पद्धतीच्या कळफलकाने यावर जो तोडगा काढला, त्याचे मला आजही कौतुक वाटते. ख, घ, ण, थ, ध, भ, श, ष आणि क्ष या अक्षरांना पूर्ण रूपाची कळच दिली नाही. त्यांचे अर्धे रूप तेवढे कळेवर ठेवले. जोडाक्षर हवे असेल तर ते तसेच वापरायचे आणि पूर्ण अक्षर हवे असेल तर पुढे काना मारायचा. आ, ओ आणि औ यांना स्वतंत्र कळा नव्हत्या, ते अ पासून काना-मात्रा लावून तयार होत. दीर्घ ई साठी इ वर रफार द्यावा लागे. म्हणजे ‘भाषण’ हा तीन अक्षरी शब्द उमटवायला सात ठोके पडत आणि त्यांतले चार ठोके एकट्या कान्याचे असत.

हा काना उजव्या हाताच्या मधल्या बोटाखाली होता. सगळ्यांत जास्त मार खाणारी कळ तीच असल्यामुळे तिच्या दांडीच्या टोकावरचा ठसा आधी झिजे, आणि एखाद्या दिवशी डाख सुटून तो यंत्रात कुठेतरी पडे. इंग्रजी यंत्राचे एक अक्षर गेले तर एकच अक्षर जाते. मराठी यंत्राचा काना गेला की अर्धी वर्णमाला लंगडी होत असे. माझ्या यंत्राचे असे झाले तेव्हा समोर पक्षकार उभा होता, वकिलांची घाई चालली होती आणि दुरुस्ती करणारा जिल्ह्याच्या गावी होता. मग मी कान्याच्या जागा मोकळ्या सोडून मजकूर टंकित केला आणि प्रत्येक काना पेनाने भरला. कार्बनखालच्या प्रतींवरही तेवढेच काने पुन्हा काढावे लागले, कारण पेनाने दाब देऊन काढलेली रेघ तिसऱ्या प्रतीपर्यंत पोहोचताना जागेवर राहत नाही. एवढे करूनही न्यायालयात त्या प्रतिज्ञापत्राविषयी कोणी अवाक्षर काढले नाही. अशा खाडाखोडीची कागदपत्रे तेव्हा रोजचीच होती.

ट, ठ, ड, ढ यांना अर्धे रूप नसल्यामुळे ‘चिठ्ठी’ पाय मोडूनच लिहावी लागे. काही हौशी टंकलेखक रूळ अर्धी ओळ फिरवून एका अक्षराखाली दुसरे बसवत आणि जोडाक्षर अगदी पुस्तकातल्यासारखे दिसे. मात्र वेगाच्या परीक्षेत ही हौस परवडत नसे. उकार आणि अनुस्वार यांच्या कळा ‘डेड’ म्हणून ओळखल्या जात, कारण त्या दाबल्या तरी कॅरेज, म्हणजे कागद धरून सरकणारा यंत्राचा भाग, पुढे सरकत नसे. सायक्लोस्टाइलसाठी, म्हणजे एका मेणकागदावरून अनेक प्रती काढण्यासाठी, स्टेन्सिल कापताना हाच अनुस्वार हमखास दगा देई. बोट जरा जड पडले की मेणकागदाला आरपार भोक पडून छापील प्रतींवर शाईचा ठिपका येई.

ज्या कळेची उणीव खास मराठीला भासली, ती मात्र अर्ध्या र ची. ‘आचार्यास’ म्हणजे गुरूंना आणि ‘आचाऱ्यास’ म्हणजे स्वयंपाक करणाऱ्याला, हा भेद मराठीत डोळ्यांना दिसावा लागतो. हिंदीला या चिन्हाची गरज पडत नाही. ज्या यंत्रावर ते नव्हते, तिथे संयोगचिन्हाची आडवी रेघ मारून पुढे य टंकित केला जाई: ‘करणा-या’, ‘दुस-या’. पुढे संगणकावरच्या अनेक जुन्या फॉन्टांनी तोच कळफलक उचलला आणि ती रेघही त्याच्याबरोबर आली. आज युनिकोडमध्ये या अर्ध्या र ची सोय असूनही कित्येक परिपत्रकांत आणि दुकानांच्या पाट्यांवर ती रेघ टिकून आहे. तिचा खरा उपद्रव शोध घेताना कळतो, कारण संगणकाला ‘करणाऱ्या’ शोधायला सांगितले तर ‘करणा-या’ त्याच्या हाती लागत नाही.

गोदरेज कंपनीने १९५५ मध्ये भारतीय बनावटीचे पहिले टंकयंत्र तयार केले आणि २००९ मध्ये ते उत्पादन थांबवले. रुपयाचे नवे चिन्ह केंद्र सरकारने जुलै २०१० मध्ये स्वीकारले. नवी कळ मागावी, तर ती बसवून देणारा कारखाना आधीच थांबला होता, त्यामुळे न्यायालयाच्या आवारात आमची जी यंत्रे त्यानंतरही चालत होती, त्यांवर आम्ही रकमेआधी ‘रु.’ असेच टंकित करत राहिलो, आणि एकाही कारकुनाने त्यावरून कागद परत पाठवला नाही.

नमस्कार.