ढगांखालचं पाणी शोधताना

ऑगस्ट २०१९, सांगलीचा आयर्विन पूल. कृष्णा ५७ फुटांवर पोचली होती. आता त्याच दिवसांतला उपग्रहाचा साधा फोटो बघा, नुसते ढग. खाली पाणी कुठवर आलंय काही कळत नाही.

म्हणून रडार. युरोपचा सेंटिनेल-१ उपग्रह जवळजवळ ७०० किलोमीटरवरून साडेपाच सेंटीमीटर लांबीची मायक्रोवेव्ह लहर सोडतो, तिला ढग आणि रात्र आडवी येत नाही. संथ पाणी तिला आरशासारखं पलीकडे फेकतं, उपग्रहाकडे फारसं काही परत येत नाही, म्हणून फोटोत पाणी काळं. गावं उजळ.

आता या रडार फोटोत जरा झूम करू. हे काळे-पांढरे दाणे दिसतायत ना, हेच स्पेकल. बिघाड कुठेच झालेला नाही. एका पिक्सेलच्या जागेत ऊस असतो, बांध असतो, ढेकळं असतात, प्रत्येकाकडून लहर परत येते आणि त्या एकमेकींत मिसळतात, कुठे जोर वाढतो, कुठे एकमेकींना खोडून टाकतात, मग एकाच फडातले शेजारशेजारचे दोन पिक्सेल, एक लख्ख आणि एक काळाकुट्ट. काळं म्हणजे पाणी एवढंच कॉम्प्युटरला सांगितलं तर तो कोरड्या फडात ढीगभर डबकी दाखवणार.

सोपा उपाय, आजूबाजूची सरासरी काढा. काढली, बघा. दाणे गेले, पण नदीचा काठही फिसकटला, आणि हा बारीक ओढा तर गायबच.

ली फिल्टर इथे कामाला येतो. अमेरिकन नौदलाच्या संशोधन प्रयोगशाळेतल्या जोंग-सेन ली यांनी १९८० साली मांडलेला. सात बाय सात पिक्सेलचा हा चौकोन फोटोवरून सरकतोय बघा, प्रत्येक जागी तो सरासरी मोजतो आणि चढउतार मोजतो. चढउतार स्पेकलमुळे असतो तेवढाच निघाला तर जागा एकसारखी आहे, सरासरी लावायची. खूपच जास्त निघाला तर तिथे काठ आहे, घर आहे, रस्ता आहे, मूळ पिक्सेल जवळपास तसाच ठेवायचा. नंतरची सुधारलेली आवृत्ती तर काठाची दिशा ओळखून एकाच बाजूचे पिक्सेल घेते. हा ओढा परत आला, दिसला? फक्त लहरीच्या जोराचे आकडे डेसिबलमध्ये, म्हणजे लॉगच्या मापात, बदलायच्या आधी फिल्टर मारायचा, हा क्रम खूप जण चुकवतात.

फोटो फुकट, ते हाताळायचं स्नॅप सॉफ्टवेअर फुकट. तालुक्याच्या कॉलेजातल्या लॅबमध्ये हे काम होऊ शकतं आणि ते तिथेच व्हायला पाहिजे, कारण कुठला ओढा खरा हे तिथल्या पोरांना माहीत असतं.

पुढे काळ्या भागाची सीमा आखली की बुडालेलं क्षेत्र निघतं, पंचनाम्याला आधार होतो.

उंच उसात शिरलेलं पाणी मात्र कितीही चांगला फिल्टर लावला तरी सुटतं, सेंटिनेलची ही लहर वरच्या पानांतच अडकते. जुलै २०२५ मध्ये श्रीहरिकोट्याहून गेलेल्या निसार या भारत-अमेरिकेच्या रडार उपग्रहाकडे २४ सेंटीमीटरची लहर आहे, ती पानांतून बरीच खाली पोचते. दाणे त्याच्याही फोटोत येणारच, चौकोन तिथेही फिरवावा लागेल.