चढावरची छोटी शर्यत

नमस्कार श्रोतेहो.

समजा, उद्या सकाळी टेकडीवर साठ माणसं धावणार आहेत आणि त्यांना धावायला बोलावलंय तुम्ही. आज रात्री तुमची झोप कशाने उडेल? पदकं वेळेवर आली नाहीत म्हणून? खरं सांगतो, पदकांसाठी मी एक रात्रही जागलेलो नाही. मी जागा राहिलो ते एकाच प्रश्नामुळे. वर गेलेली सगळी माणसं खाली आली, हे मला कसं कळणार?

छोटी, बिनभपक्याची शर्यत भरवायची तर या प्रश्नापासून सुरुवात करावी, असं माझं मत आहे. कमान, ध्वनिवर्धक, टी-शर्ट, छायाचित्रकार हे सगळं सोडून देता येतं. मोजदाद मात्र सोडता येत नाही.

किती कमी सामानात काम भागतं याचं एक उदाहरण सांगतो. २ ऑक्टोबर २००४ रोजी लंडनच्या बुशी पार्कमध्ये १३ जण पाच किलोमीटर धावले. पुढे जगभर पसरलेल्या ‘पार्करन’ची, म्हणजे बागांत दर आठवड्याला होणाऱ्या मोफत धावेची, ही सुरुवात. त्या सुरुवातीच्या काळात, धावणारा कितवा आला हे कळावं म्हणून त्याच्या हातात लोखंडी वायसर देत. नट-बोल्टमध्ये घालतात तोच वायसर, त्यावर क्रमांक ठोकलेला. पहिला आला त्याला एक, दुसरा आला त्याला दोन. बाग सपाट होती, हे खरं. पण वायसर चढावरही तितकाच चालतो.

आता वाटेकडे येऊ. रस्त्यावरच्या शर्यतीचं अंतर अगदी काटेकोर मोजतात. सायकलच्या चाकाला मोजणी-यंत्र लावतात आणि वाट कमी भरू नये म्हणून हजारात एक भाग जास्तीचा धरतात, म्हणजे दहा किलोमीटरला दहा मीटर. टेकडीवर या काटेकोरपणाचा उपयोग नाही. नागमोडी पायवाटेवर मनगटावरची घड्याळं वळणं कापून मोजतात, आणि दहा जणांच्या घड्याळात चढाचे दहा आकडे निघतात. म्हणून ‘साधारण आठ किलोमीटर, चढ चारशे मीटर’ असं मोकळेपणाने सांगावं. ब्रिटनमध्ये डोंगरावरच्या शर्यतींची प्रतवारी आहे. तिथे दर किलोमीटरला सरासरी ५० मीटर चढ असला, तर ती वाट सर्वांत अवघड ‘ए’ गटाच्या चढाची धरतात. आपली आठ किलोमीटरची वाट नेमकी त्या उंबरठ्यावर आहे. हे आधी सांगितलं की सपाट रस्त्यावरच्या वेळा मनात धरून आलेला माणूस निमूटपणे हळू सुटतो. निदान सुटायला तरी हवा.

शेवटच्या माणसाला किती वेळ लागेल? यासाठी मी एक जुना आडाखा वापरतो. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये तो चालणाऱ्यांसाठी मांडला. दर तीन मैलांना एक तास, आणि चढाच्या दर दोन हजार फुटांना आणखी एक तास. आपल्या वाटेला लावला तर सुमारे २ तास २० मिनिटं होतात. पहिला धावपटू पाऊण तासात आला तरी स्वयंसेवकांना अडीच तास उभं राहायचं आहे, हे त्यांना आदल्या दिवशीच सांगा. नाहीतर निम्मी शर्यत झाली की वळणावरचा माणूस ‘झालं वाटतं’ म्हणत खाली येतो, आणि मागचे वीस जण भलत्याच वाटेला लागतात.

खुणांबद्दल जरा सविस्तर बोलतो, कारण यात मी बऱ्याच चुका केल्या आहेत. वाट आखणाऱ्याला वाट पाठ असते. त्याला प्रत्येक फाटा उघड दिसतो, म्हणून तो खूणच लावत नाही. उपाय सोपा आहे. ज्याने ती वाट कधी पाहिलेली नाही अशा एखाद्याला एकट्याला सोडा आणि तुम्ही तोंड मिटून मागे चाला. तो जिथे थबकेल तिथे फीत हवी. दुसरी गोष्ट, चढताना माणूस दमून मान खाली घालतो आणि उतरताना पाय कुठे ठेवायचा म्हणून खालीच बघतो. म्हणजे डोक्याच्या उंचीवर बांधलेली सुंदर फीत कुणीच बघत नाही! फाट्यावर जमिनीवर फक्कीचा ठळक बाण काढा. वळणानंतर वीसेक पावलांवर आणखी एक फीत बांधा, म्हणजे आलेल्याला कळतं की आपण बरोबर आहोत. जी वाट चुकीची, तिच्यावर आडवी दोरी बांधा. आणि शर्यतीच्या सकाळी कुणालातरी पूर्ण वाटेवरून पाठवा, कारण रात्रीत गुरं फिती चघळतात आणि पोरं त्या पतंगाला लावतात.

स्वयंसेवक कमी असतात आणि प्रत्येकालाच माथ्यावर उभं राहायचं असतं. तिथला देखावा छान असतो ना! पण माथ्यावर सगळे हळू असतात, पडणारं कुणी नसतं. तुमचा सर्वांत सावध माणूस उताराच्या पायथ्याशी ठेवा. उतारावर मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच ब्रेकचं काम करतात. ते थकले की गुडघा दगा देतो आणि माणूस नेमका शेवटच्या वळणावर घसरतो. उतार संपतो तिथे गाड्यांचा रस्ता ओलांडायचा असेल, तर वाटच बदला. तो धोका शिट्टी वाजवून टळत नाही.

सुरुवात रुंद जागेत ठेवा. तीन-चारशे मीटर मोकळं मैदान मिळालं की घोळका लांबतो आणि अरुंद पायवाटेच्या तोंडाशी चेंगराचेंगरी होत नाही. जमिनीच्या मालकाची परवानगी, प्रथमोपचाराची पेटी, जवळचा डॉक्टर ही कामं सगळ्यांना माहीत असतात. फक्त एक बघा, वाटेवर मोबाईलला नेटवर्क कुठे नाही ते स्वतः चालून पाहा.

हवामानाबद्दल मात्र थांबून बोललं पाहिजे. २२ मे २०२१ रोजी चीनच्या गान्सू प्रांतात शंभर किलोमीटरच्या डोंगरी शर्यतीत १७२ जण धावत होते. उंचावर अचानक गारठा, पाऊस आणि जोराचा वारा आला. अंगावर पातळ कपडे होते. २१ जण दगावले. आपली टेकडी लहान आहे, अंतर लहान आहे, मान्य. पण घामाने भिजलेल्या, दमून थांबलेल्या माणसाला वारा लहान टेकडीवरही गारठवतो. शर्यत रद्द करायचा किंवा माथा वगळून वाट आखूड करायचा निर्णय कोण घेणार, त्याचं नाव आधीच ठरवा. एकच नाव. समिती नको.

आणि आता अंतिम रेषा. वेळ नोंदवणारी महागडी चिप नसली तरी चालतं. एक जण घड्याळाचं बटण दाबतो आणि दुसरा वेळा लिहितो. रेषेच्या पलीकडे दोरीची अरुंद गल्ली करा. आलेल्या क्रमानेच सगळे तिच्यातून पुढे सरकतात आणि तिसरा माणूस छातीवरचे नंबर लिहून घेतो. नंतर दोन्ही याद्या शेजारी ठेवायच्या. यात एक मेख आहे. बटण एकदा जरी चुकलं, तर त्याखालच्या सगळ्यांच्या वेळा एकेक जागा सरकतात. म्हणून दर दहाव्या धावपटूचा नंबर आणि वेळ एकत्र लिहून ठेवा. मग चूक त्या दहांतच सापडते.

पण वेळेपेक्षा मोजदाद मोठी. वाटलेले नंबर मोजून भागत नाही, कारण काही जण नंबर घेतात आणि धावतच नाहीत. सुटण्याआधी सगळ्यांना एका चिंचोळ्या जागेतून मैदानात सोडा आणि डोकी मोजा. पोचलेले अधिक मध्येच सोडून दिलेले, ही बेरीज सुटलेल्यांइतकी यायला हवी. एका वर्षी आमचा हा हिशोब एकाने चुकला. दोन तास आम्ही तिघे झुडपं पालथी घालत हाका मारत होतो. तो गृहस्थ घरी जाऊन झोपला होता. पाय मुरगळला, माथ्याच्या अलीकडूनच आडवाटेने घर गाठलं, आणि ‘एवढ्यासाठी कुणाला कशाला त्रास द्यायचा’ असं त्याला वाटलं. चूक त्याची नव्हती. सोडलं तर कुणाला सांगायचं, हे आम्ही सुरुवातीला सांगितलंच नव्हतं.

तेव्हापासून शिट्टी वाजण्याआधी मी एवढंच वाक्य दोनदा म्हणतो, ‘सोडलीत तरी रेषेवर येऊन आपला नंबर द्या.’ आणि शेवटच्या धावपटूच्या मागे आमचा एक माणूस चालत येतो. येताना तो फिती सोडवत आणतो. त्याच्या दोन्ही मुठी भरलेल्या दिसल्या की मी वहीतला शेवटचा आकडा लिहितो आणि मगच पाणी पितो.