वाटीखालचे रूळ

[दृश्य: रेल्वे पुलाचा जिना. गर्दीत फक्त पावलं आणि गुडघे.]

चढणारे भराभर चढतायत. उतरणाऱ्यांत मात्र एखादी मुलगी कठडा धरून, अंग तिरकं करून, एकेक पायरी उतरते. वय पंचवीसच्या आसपास. गुडघ्याला सूज नाही, एक्स-रेही स्वच्छ. नेमकं कुठे दुखतं विचारलं तर बोट एका जागी टेकत नाही, अख्खा तळहात गुडघ्याच्या वाटीभोवती फिरतो. सिनेमाला गुडघे मोडून बसलं की मध्यंतरात उठताना पहिली चार पावलं जड जातात.

घरोघरी निदान तयार असतं. ‘गॅप आलाय.’ ‘ग्रीस संपलं.’ ‘वाटी सरकली.’ गॅपचं म्हणाल, तर सांधा झिजल्यावर तो वाढत नाही, उलट कमी होतो! ग्रीसचाही या दुखण्याशी संबंध नाही. वाटी सरकण्यात मात्र थोडं तथ्य आहे.

[दृश्य: सांगाड्याचा पाय. वाटीवर प्रकाश.]

कंडरा म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी. अशा कंडरेत बसलेल्या शरीरातल्या हाडांत वाटी सर्वांत मोठी. बाळ जन्मतं तेव्हा ती नुसती कूर्चा, म्हणजे हाडापेक्षा मऊ, लवचीक ऊती असते, हाड नंतर तयार होतं. मांडीच्या पुढच्या स्नायूची ओढ वाटीवरून नडगीपर्यंत पोहोचते. वाटी ती कंडरा सांध्यापासून जरा उचलून धरते, म्हणून पाय सरळ करायला कमी जोर पुरतो. त्याची किंमत ती दाबाच्या रूपाने चुकवते. सपाट रस्त्यावर हा दाब अंगाच्या वजनाच्या साधारण निम्मा, जिन्यावर तिप्पट, आणि पूर्ण उकिडवं बसताना सातपटीच्या घरात. साठ किलोच्या माणसाचा हिशोब ज्याचा त्याने करावा.

[दृश्य: पायाच्या चित्रावर दोन रेघा उमटतात.]

कमरेच्या हाडाचं पुढे हाताला लागणारं टोक घ्या. तिथून वाटीच्या मध्यापर्यंत एक रेघ. नडगीच्या वरच्या उंचवट्यापासून वाटीपर्यंत दुसरी. दोन्ही सरळ जुळत नाहीत. त्यांच्यामधला कोन म्हणजे क्यू अँगल. स्वीडनमधल्या ब्राटश्ट्रोम यांनी १९६४मध्ये तो मांडला. पुरुषांत सुमारे १४ अंश, स्त्रियांत १७, असे आकडे पुस्तकांत सापडतात.

कोन मोठा असला की वाटी बाहेरच्या बाजूला ओढली जाते, घासते आणि दुखते, असं समीकरण त्यावरून मांडलं गेलं. हे दुखणं बायकांत जास्त का, याचंही उत्तर त्यात मिळाल्यासारखं वाटलं. एके काळी वाटीच्या बाहेरच्या बाजूचा घट्ट पट्टा कापून सैल करण्याच्या शस्त्रक्रियाही सर्रास झाल्या. पण उभं करून मोजलेल्या कोनावरून दुखणारा गुडघा आणि न दुखणारा गुडघा वेगळा ओळखता येईना.

[दृश्य: एमआरआयच्या हलत्या प्रतिमा.]

२००३मध्ये साउदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या क्रिस्टोफर पॉवर्स आणि सहकाऱ्यांनी वाटी बाहेर सरकणाऱ्या स्त्रियांचे गुडघे हलताना पाहिले. पाय मोकळा असताना गुडघा सरळ केला, तेव्हा वाटी मांडीच्या हाडावर सरकली. त्याच पायावर भार घेतला, तेव्हा वाटी जवळपास जागेवर राहिली आणि खालचं मांडीचं हाड आत वळलं. गाडी होती तिथेच होती, तिच्याखालून रूळ सरकले.

म्हणजे गुडघ्याच्या तक्रारीचा माग कधी वर लागतो. खुब्याभोवतीचे स्नायू मांडीला आत वळण्यापासून रोखतात. ते कमी पडले की एका पायावर बसताना गुडघा आत झुकतो. काहींचं मांडीचं हाड जन्मतःच आत पिळलेलं असतं. काहींचे तळवे सपाट, त्यामुळे नडगी आत वळते.

(जाता जाता आजीबाईंसाठी: तीन-चार वर्षांच्या नातवाचे गुडघे एकमेकांना लागतात म्हणून धास्तावू नका. त्या वयात ते तसेच असतात आणि सात वर्षांच्या सुमारास बहुतेकांचे आपोआप सुधारतात. एकाच पायात वाकडेपणा असेल तर मात्र डॉक्टरांना दाखवा.)

[दृश्य: शस्त्रक्रियागृह. दुर्बिणीतून दिसणारा सांध्याचा आतला भाग.]

बरं, मग दुखतं काय? कूर्चेला तर मज्जातंतूच नसतात. सॅन फ्रान्सिस्कोचे अस्थिशल्यचिकित्सक स्कॉट डाय यांनी हे शोधायला स्वतःचा गुडघा पुढे केला. सांध्याच्या आत भूल न देता सहकाऱ्याने दुर्बीण घातली, आतला एकेक भाग टोचून पाहिला, आणि डाय शुद्धीत राहून कुठे किती कळ येते ते सांगत गेले. १९९८मध्ये हे प्रसिद्ध झालं. वाटीच्या कूर्चेला टोचलं तर काहीच जाणवलं नाही. पुढचं नाजूक अस्तर आणि वाटीखालची चरबीची गादी यांना स्पर्श होताच असह्य कळ.

डाय यांचं म्हणणं असं की सांध्याची सोसण्याची एक मर्यादा असते. ती ओलांडली की या ऊती चिडतात. मला हे पटतं, कारण तिरक्या पायाचं कोडं त्यानेच सुटतं. पायाची ठेवण वीस वर्षं तीच होती, दुखणं गेल्या महिन्यातलं. त्या महिन्यात काय वाढलं? मॅरेथॉनचा सराव, लागोपाठ दोन गड, की ऑफिसची लिफ्ट बंद पडली? ठेवणीमुळे भार कुठे पडतो ते ठरतं, पण तो किती पडेल ते आपल्या हातात असतं.

[दृश्य: आरशासमोर बुटकी पायरी. मुलगी एका पायाने सावकाश खाली टेकते. गुडघा आत झुकतो.]

फिजिओथेरपिस्ट नेमकं हेच पाहतात. २०१८च्या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांच्या सहमतीनुसार खुबा आणि गुडघा या दोन्हींचे व्यायाम एकत्र करणं हा मुख्य उपाय. बुटातली आधारगादी थोड्या काळासाठी उपयोगी पडते. विजेच्या यंत्राच्या शेकाची मात्र शिफारस नाही, आणि आपल्याकडे नेमके त्याचेच पैसे जास्त जातात.

व्यायाम काही आठवडे नेटाने करावे लागतात. तोवर खोल उठाबशा टाळा, जिने कमी करा, चालणं सोडू नका. गुडघा सुजत असेल, मध्येच अडकत असेल, पडल्यानंतर दुखू लागला असेल किंवा रात्री झोपेतून उठवत असेल, तर या व्यायामांची वाट न पाहता अस्थिरोगतज्ज्ञाकडे जा.