रेक्टर जे विचारत नाहीत

(पहाट. जुवारी नदीवर धुकं. दूर टेकडीवर एक जुनी, भव्य इमारत.)

गोव्याच्या सासष्टी तालुक्यातलं हे राशोल. जुन्या मराठी लिखाणात याचं नाव रायतूर. एके काळी इथे किल्ला होता, आता त्याची वेस तेवढी उभी आहे. वेशीतून आत आलं की ही सेमिनरी, म्हणजे धर्मगुरू घडवणारी शाळा, दिसते. १६०६ मध्ये जेझुइट संघाच्या धर्मगुरूंनी तिचा पाया घातला. फादर थॉमस स्टीफन्स यांचं ओवीबद्ध ख्रिस्तपुराण १६१६ मध्ये इथेच छापलं गेलं, म्हणजे मराठी वाचकाचं या जागेशी चारशे वर्षांचं नातं आहे. त्या छापखान्याची गोष्ट पुन्हा कधीतरी निवांत सांगायला हवी. आज आपण आलो आहोत ते इथे राहणाऱ्या मुलांसाठी.

मुलं म्हणजे विशीतले तरुण. धर्मगुरू व्हायचं म्हणून घर सोडून आलेले. चर्चच्या कॅनन कायद्याप्रमाणे तत्त्वज्ञान आणि ईश्वरज्ञान मिळून किमान सहा वर्षं शिकावं लागतं, आणि पंचवीस वर्षं पूर्ण झाल्याशिवाय गुरुदीक्षा मिळत नाही. त्याआधीचं तयारीचं वर्ष आणि पुढे धर्मग्रामातली, म्हणजे एखाद्या गावच्या चर्चमधली, उमेदवारी धरली, तर तारुण्याची सगळी उमेद यातच जाते.

वर्ग, ग्रंथालय, चॅपेल, जेवणघर, खेळाचं मैदान हे सगळं तुम्हाला पडद्यावर दिसेल. एक खोली दिसणार नाही.

(लांब व्हरांडा. बंद दार. दाराबाहेर लाकडी बाक.)

ही आध्यात्मिक मार्गदर्शकांची खोली. प्रत्येक सेमिनरीत असा एक तरी फादर असलाच पाहिजे, असं कायदा सांगतो. विद्यार्थी ठरावीक दिवसांनी इथे येतो, समोर बसतो आणि आपल्या मनात काय चाललंय ते सांगतो. आत जे बोललं जातं, ते आतच राहतं. कॅमेरा या दाराशी थांबला आहे आणि तो इथेच थांबायला हवा.

(घंटा. चॅपेलमध्ये एकेक करून येणारे विद्यार्थी.)

सेमिनरीतला दिवस घंटेवर चालतो. पहाटे चॅपेल, शांत बसून मनन, मग सकाळची प्रार्थना आणि मिस्सा, म्हणजे वेदीवरची मुख्य उपासना. दुपारी थोडा वेळ थांबून स्वतःलाच विचारायचं : आज सकाळपासून मी कसा वागलो? देव कुठे भेटला, मी कुठे पाठ फिरवली? संध्याकाळी रोझरी, म्हणजे मण्यांच्या माळेवरची प्रार्थना. रात्री शेवटची प्रार्थना आणि त्यानंतर मौन. बायबलमधली स्तोत्रं चार आठवड्यांच्या चक्रात म्हटली जातात. सकाळी जखऱ्याचं गीत, संध्याकाळी मरियेचं, झोपण्याआधी म्हाताऱ्या शिमोनाचं. रोज तेच.

पहिल्या वर्षी या शब्दांनी अंगावर काटा येतो. तिसऱ्या वर्षी ते नुसते ओठांवर उरतात. गुडघे टेकलेले असतात आणि मन गावच्या मैदानावर, एखाद्या मैत्रिणीच्या लग्नाच्या बातमीवर, आजारी आईपाशी फिरत असतं. चॅपेलमध्ये हे कुणाच्या लक्षात येत नाही. सेमिनरीच्या प्रमुखांना, म्हणजे रेक्टरांना, दिसतो तो वेळेवर आलेला विद्यार्थी. मग तो एक दिवस या बाकावर येऊन बसतो, दार उघडतं, आणि कदाचित एवढंच म्हणतो, “फादर, प्रार्थना होते, पण आत काही हलत नाही.”

माझ्या मते सेमिनरीचं खरं शिक्षण त्या वाक्यापासून सुरू होतं.

(चर्चचा अंतर्भाग. वेदी.)

इथलं चर्च जेझुइट संघाचे संस्थापक संत इग्नेशियस लोयोला यांच्या नावाचं आहे. १५२१ मध्ये पाम्पलोनाच्या लढाईत तोफगोळ्याने त्यांचा पाय मोडला. अंथरुणावर पडल्यापडल्या दुसरं काही मिळेना, म्हणून ते ख्रिस्ताचं आणि संतांचं चरित्र वाचत राहिले. तेव्हा त्यांना स्वतःच्या मनातली एक गोष्ट उमगली. शूर सरदार म्हणून मिरवण्याची स्वप्नं पाहताना मजा येई, पण नंतर मन कोरडं पडे. संतांसारखं जगण्याचा विचार केला की त्याचा आनंद मागे रेंगाळत राही. मनातले दोन्ही विचार गोडच, पण त्यांची चव किती टिकते ते पाहायचं. पुढे त्यांनी एक नियम सांगितला : मन कोरडं, उदास असताना आधी घेतलेला निर्णय बदलू नये.

त्या बंद दाराआड मार्गदर्शक मुख्यतः हेच शिकवतात. सेमिनरी सोडावीशी वाटते, ती कंटाळ्याने की खरंच दुसरी वाट बोलावते आहे म्हणून? आणि राहावंसं वाटतं, ते देवासाठी की घरच्यांची मान खाली जाऊ नये म्हणून? ब्रह्मचर्याचं वचन डीकन होतानाच, म्हणजे धर्मगुरू होण्याच्या आधीच्या पायरीवरच, द्यायचं असतं. त्याबद्दलची धास्ती, एकटेपणा, शरीराची ओढ, रात्री हातातून न सुटणारा मोबाइल हे सगळं कुठेतरी मोकळेपणाने बोलता आलं पाहिजे. ज्या तरुणाला हे बोलायला जागा मिळत नाही, तो लपवायला शिकतो. आणि लपवायची सवय लागलेल्या माणसाकडे उद्या गावाने पापनिवेदनासाठी जायचं असतं.

म्हणून कॅनन कायद्यातलं एक छोटंसं वाक्य मला फार मोठं वाटतं. विद्यार्थ्याला गुरुदीक्षा द्यायची की नाही, त्याला सेमिनरीतून काढायचं की ठेवायचं, हे ठरवताना आध्यात्मिक मार्गदर्शकाचं आणि पापनिवेदन ऐकणाऱ्या फादरांचं मत कधीही विचारायचं नाही. ते नियम २४० मध्ये आहे. सगळ्यात जास्त ज्याला माहीत आहे, त्यालाच विचारायला बंदी. रेक्टरही विचारू शकत नाहीत, बिशपही नाहीत.

(रिकामी खुर्ची. खिडकीतून येणारं ऊन.)

इथे एक प्रश्न पडतो आणि तो टाळून पुढे जाणं बरोबर होणार नाही. चुकीचा माणूस पुढे जात असेल तर? काही धर्मगुरूंनी मुलांवर केलेल्या अत्याचारांनी चर्चला आणि त्याहून कितीतरी जास्त त्या मुलांना ज्या जखमा झाल्या, त्यानंतर हा प्रश्न नुसता पुस्तकी उरलेला नाही.

चर्चची व्यवस्था अशी आहे की दोन डोळ्यांनी पाहायचं, आणि एका डोळ्याने पाहिलेलं दुसऱ्याला सांगायचं नाही. रेक्टर आणि इतर शिक्षक बाहेरचं पाहतात : तो मित्रांशी कसा वागतो, रागावर ताबा आहे का, पैशांचा हिशेब नीट देतो का, लहान मुलांशी वागताना मर्यादा पाळतो का. मानसतज्ज्ञांची मदत घेता येते. त्याच्या धर्मग्रामातल्या लोकांकडे चौकशी होते. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९२ मध्ये लिहिलं की माणूस म्हणून झालेली घडण हा सगळ्या घडणीचा पाया आहे. २०१६ मध्ये रोमहून आलेल्या नियमावलीतही माणूसपण, अध्यात्म, अभ्यास आणि लोकांमधलं काम अशा चारही बाजू एकत्र धरल्या आहेत. बाहेर पाहणाऱ्यांनी डोळे उघडे ठेवले नाहीत, तर त्याचं खापर बंद खोलीवर फोडता येणार नाही. आणि खोलीतल्या फादरांनी गप्प बसायचं असतं ते जगासमोर, विद्यार्थ्यासमोर नव्हे. त्याला त्यांनी स्पष्ट सांगायचंच असतं : बाळा, ही वाट तुझी नाही.

(संध्याकाळ. वेशीतून बाहेर जाणारा रस्ता.)

काही जण या वेशीतून परत जातात.

वसईच्या वाडीत काय किंवा सासष्टीच्या गावात काय, मुलगा सेमिनरीत गेला की सगळ्या घराची ओळख बदलते. वसईची मुलं गोरेगावच्या सेंट पायस सेमिनरीत जातात. पुण्याच्या नगर रस्त्यावर पेपल सेमिनरी आहे. ती १९५५ मध्ये श्रीलंकेतल्या कँडीहून तिथे आली. कुठेही गेला तरी गावात चर्चा तीच : “आमचा मुलगा फादर होणार.” मग चार वर्षांनी तो बॅग घेऊन घरी येतो, आणि मिस्सा संपल्यावर चर्चच्या पायऱ्यांवर लोक त्याच्या आईला हळू आवाजात विचारतात, काय झालं?

काहीही वाईट झालेलं नसतं. त्याने चार वर्षं प्रामाणिकपणे ऐकलं आणि त्याला उत्तर मिळालं, एवढंच. कुणालाही जबरदस्तीने दीक्षा देणं कायद्याने सक्त मना आहे. दीक्षेआधी उमेदवाराला स्वतःच्या हाताने लिहून, सही करून द्यावं लागतं की हे मी माझ्या मर्जीने करतो आहे. घरच्यांच्या धाकाने थांबलेल्या मुलाने त्या कागदावर काय लिहावं? म्हणून परत आलेल्या मुलाला घरात जेवायला वाढताना आवाज बदलू नका, अशी माझी मनापासून विनंती आहे.

(चर्च भरलेलं. गायनमंडळ. मधल्या वाटेने येणारे उमेदवार.)

जे राहतात, त्यांच्या गुरुदीक्षेचा हा दिवस. आधी पाच दिवसांची तरी रिट्रीट, म्हणजे एकांतातली प्रार्थना-साधना, झालेली असते. उमेदवाराचं नाव पुकारलं जातं आणि तो म्हणतो, “हजर आहे.” बिशप विचारतात : हे योग्य आहेत असं तुम्हाला ठाऊक आहे का? उमेदवारांना पुढे आणणारे फादर उत्तर देतात : लोकांकडे चौकशी केली, जबाबदार मंडळींचं मत घेतलं, ते योग्य ठरले आहेत.

या उत्तरात मार्गदर्शकांचा शब्द नाही. ते इतर फादरांमध्ये बसलेले आहेत.

मग उमेदवार जमिनीवर पालथा पडतो. सगळं चर्च संतांची लितानी गातं, एकेका संताचं नाव घेऊन त्याच्यासाठी प्रार्थना मागतं. लितानी संपते. तो उठून बिशपांपुढे गुडघे टेकतो. बिशप एक शब्दही न बोलता त्याच्या डोक्यावर दोन्ही हात ठेवतात. त्यांच्यामागून जमलेले सगळे फादर रांगेने येतात आणि तेच करतात. गाणं नाही, वाद्य नाही. फक्त पावलांचा आवाज.

रांगेत तेही येतात. या मुलाच्या कोरड्या रात्री, त्याची भीती, एकदा भरून ठेवलेली बॅग, सगळं ज्यांना माहीत आहे ते फादर. त्याच्या डोक्यावर हात ठेवतात. इतरांइतकाच वेळ. काही न बोलता आपल्या जागेवर जाऊन उभे राहतात.