पृथ्वीचं वय आणि शिशाची धूळ

मित्रहो, पृथ्वीचं वय सुमारे ४५४ कोटी वर्षं, हे आज शाळेतल्या मुलांनाही पाठ असतं. मला आज बोलायचं आहे ते हा आकडा हाती येण्याआधी कुठे कुठे अडला त्याबद्दल. एकोणिसाव्या शतकातल्या सर्वांत नावाजलेल्या भौतिकशास्त्रज्ञांपैकी एकाने हा प्रश्न हाती घेतला, गणित चोख केलं आणि तरी उत्तर शंभरपटीहून अधिक चुकलं.

विल्यम थॉमसन, म्हणजेच पुढचे लॉर्ड केल्विन. त्यांचा विचार सरळ होता. खाणीत जसजसं खाली उतरावं तसतसं गरम होत जातं. म्हणजे पृथ्वीच्या पोटातली उष्णता बाहेर पडते आहे, पृथ्वी निवते आहे. सुरुवातीला ती वितळलेल्या खडकाइतकी तापलेली होती असं धरायचं, खडकातून उष्णता किती वेगाने वाहते ते मोजायचं आणि खोलीबरोबर तापमान आज किती वाढतं ते पाहायचं. मग निवायला किती काळ गेला, ते गणिताने निघतं. १८६२ साली त्यांनी उत्तर दिलं: दोन कोटी ते चाळीस कोटी वर्षांच्या दरम्यान. १८९७ पर्यंत ते दोन ते चार कोटींवर येऊन ठेपले. आपल्या सह्याद्रीचा काळा कातळ ज्या लाव्ह्याचा आहे, तो साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी वाहिला. केल्विन यांचा शेवटचा हिशेब खरा मानला, तर राजगडाचा कातळ पृथ्वीहून थोरला ठरतो!

भूगर्भशास्त्रज्ञांना हे पटत नव्हतं. थरांवर थर साचायला, डोंगर झिजायला इतका थोडा काळ पुरणारच नाही, असं ते म्हणत. डार्विन यांना तर उत्क्रांतीसाठी अफाट काळ हवा होता. पण केल्विन यांच्या समीकरणांपुढे बोलणार कोण?

बोलले जॉन पेरी. तरुणपणी ते केल्विन यांचेच सहायक होते. इथे मी थोडा रेंगाळणार आहे, कारण केल्विन चुकले ते त्यांना किरणोत्सर्ग ठाऊक नव्हता म्हणून, असंच आपण बहुतेक ठिकाणी वाचतो. खडकांतल्या किरणोत्सर्गामुळे पृथ्वीत सतत उष्णता तयार होते, हे खरं. पण केल्विन यांच्या गणितात नुसती ती उष्णता मिळवली तरी उत्तर फारसं हलत नाही. खरी खोट होती गृहीतकात. पृथ्वी आतून बाहेरपर्यंत घट्ट, न हलणारा गोळा आहे असं त्यांनी धरलं होतं. १८९५ साली पेरी यांनी विचारलं: आतला भाग हळूहळू का होईना, पण ढवळला जात असेल तर? मग खोलवरची उष्णता सतत वर येत राहील, कवचाखालचा भाग तापलेलाच राहील, आणि खाणीत दिसणारी तापमानवाढ अब्जावधी वर्षं टिकेल. या वाटेने पेरी दोनतीनशे कोटी वर्षांपर्यंत पोचले होते. तेही किरणोत्सर्गाचा शोध लागायच्या आदल्या वर्षी! त्यांचं म्हणणं मागे पडलं, याची मला आजही हळहळ वाटते.

पुढे किरणोत्सर्गाने दिलं ते घड्याळ. युरेनियम ठरलेल्या गतीने शिशात बदलतं. युरेनियम-२३८ निम्मं उरायला सुमारे ४४७ कोटी वर्षं लागतात, युरेनियम-२३५ला सुमारे ७० कोटी. १९११ साली लंडनमध्ये शिकणाऱ्या एकवीस वर्षांच्या आर्थर होम्स यांनी यावरून खडकांची वयं काढली. त्यांतला सर्वांत जुना नमुना श्रीलंकेतला होता, १६४ कोटी वर्षांचा.

पण खडकाचं वय म्हणजे पृथ्वीचं वय नव्हे. आपली पृथ्वी स्वतःचे जुने खडक पुन्हापुन्हा वितळवते, झिजवते. अगदी सुरुवातीचे तिने ठेवलेलेच नाहीत. म्हणून अमेरिकी भूरसायनशास्त्रज्ञ क्लेअर पॅटरसन अशनींकडे, म्हणजे अवकाशातून पृथ्वीवर पडलेल्या दगडांकडे वळले. अशनी सूर्यमाला घडतानाचे, आणि पुढे फारसे न बदललेले. ॲरिझोनातल्या विवराजवळ सापडलेल्या कॅन्यन डायब्लो या लोहअशनीत एक खनिज असं मिळालं की त्यात युरेनियम जवळजवळ नाहीच. म्हणजे त्यातलं शिसं सुरुवातीचंच, नंतर भर न पडलेलं. तिथून घड्याळ शून्यावर लावता येत होतं.

अडचण निघाली वेगळीच. पॅटरसन मोजायला बसले की शिसं हवं त्याहून कितीतरी जास्त भरायचं. ते येत होतं पाण्यातून, काचेच्या भांड्यांतून, रसायनांतून, हवेतल्या धुळीतून, माणसाच्या कपड्यांवरून. त्यांनी कॅलिफोर्नियात गाळलेल्या हवेची प्रयोगशाळा उभी केली, भांडी आम्लाने धुतली, फरशा पुन्हापुन्हा पुसल्या. यात वर्षं गेली. १९५३ साली आरगॉन राष्ट्रीय प्रयोगशाळेतल्या यंत्रावर मोजणी झाली आणि १९५६ साली निष्कर्ष छापून आला: ४५५ कोटी वर्षं, सात कोटी इकडेतिकडे. मला त्या निबंधातली सर्वांत देखणी गोष्ट वाटते ती अशी. अशनींतल्या शिशाच्या प्रकारांची प्रमाणं आलेखावर मांडली तर एका सरळ रेषेत बसतात, आणि प्रशांत महासागराच्या तळाच्या गाळातलं शिसंही त्याच रेषेवर येतं. पृथ्वी आणि अशनी एकाच घरची, हे तिथे दिसलं.

पॅटरसन तिथे थांबले नाहीत. हे इतकं शिसं येतंय कुठून, या प्रश्नाचा त्यांनी माग काढला, तो पोचला पेट्रोलपर्यंत. १९६५ पासून ते उघडपणे बोलू लागले, त्यापायी काही ठिकाणचा निधी बंद झाला, तरी बोलत राहिले. अमेरिकेत शिसं हळूहळू हटलं. भारतात शिसेयुक्त पेट्रोल बंद व्हायला २००० साल उजाडलं.

आता कुणी विचारेल, ४५४ कोटी वर्षं म्हणजे नेमकी कुठल्या क्षणापासून? तसा क्षण नाही. अशनींतले सर्वांत जुने कण ४५६.७ कोटी वर्षांचे आहेत. त्यानंतर धूळ आणि खडे जुळत पृथ्वी वाढत गेली, त्यालाच काही कोटी वर्षं लागली. ऑस्ट्रेलियातल्या जॅक हिल्समध्ये मिळालेले झिरकॉन या टिकाऊ खनिजाचे कण ४४० कोटी वर्षांचे, म्हणजे तोवर कवच तयार होतं. या दोन्हींच्या मधे केव्हातरी एका मोठ्या पिंडाची पृथ्वीला धडक बसून चंद्र घडला. ती धडक कधी झाली, यावर अभ्यासकांत अजूनही काही कोटी वर्षांचा वाद आहे.