नुसता आकडा पुरत नाही

२३ सप्टेंबर १९९९. नासाचं मार्स क्लायमेट ऑर्बिटर मंगळाच्या आड गेलं आणि त्याचा सिग्नल परत आलाच नाही. साडेनऊ महिन्यांचा प्रवास, आणि ऐन पोचताना यान गेलं. चौकशीत कळलं की जमिनीवरचा एक प्रोग्राम थ्रस्टरच्या (यानाला ढकलणाऱ्या छोट्या इंजिनांच्या) धक्क्याचे आकडे पाउंड-सेकंदात लिहीत होता, आणि ते वाचणारा दुसरा प्रोग्राम त्यांना न्यूटन-सेकंद धरून चालला होता. फरक ४.४५ पट.

कॉम्प्युटरला काहीच खटकलं नाही, कारण त्याच्या लेखी दोन्ही साधे दशांश आकडे. हा आकडा कशाचा आहे हे माणसांच्या डोक्यात होतं, डेटात नव्हतं. मला ह्या सगळ्यात सगळ्यात जास्त लागतं ते हेच.

डेटाबेसवाल्यांना हा प्रश्न आधीच भेटला होता, वेगळ्या वाटेनं. मायकल स्टोनब्रेकर यांच्या इंग्रेस ह्या डेटाबेसमधे तारखेचा टाइप (म्हणजे माहितीचा प्रकार) आला, तर बाँड, म्हणजे कर्जरोखे, हाताळणाऱ्या एका ग्राहकानं सांगितलं की वजाबाकी चुकतेय. १५ फेब्रुवारी ते १५ मार्च, कॅलेंडरनं २८ दिवस, पण बाँडच्या हिशोबात प्रत्येक महिना ३० दिवसांचाच असतो. दोघंही बरोबर! मग किती टाइप आधीच बनवून ठेवणार? म्हणून १९८६ च्या सुमारास बर्कलीमधे पोस्टग्रेस हा पुढचा डेटाबेस सुरू झाला तेव्हा ठरवलं की टाइप वापरणाऱ्यालाच बनवू द्यायचा, त्याची वजाबाकी, तुलना, इंडेक्स (झटकन शोधायची सूची) सगळं त्यानंच सांगायचं. नकाशांसाठीचं पोस्टजीआयएस ह्याच पायावर उभं आहे.

पण इथे एक गोष्ट नीट बघा, कारण बरेच जण इथेच फसतात. पोस्टग्रेसमधे न्यूमेरिकवर, म्हणजे साध्या आकड्याच्या टाइपवर, न्यूटन आणि पाउंड असे दोन डोमेन (त्याच टाइपला दिलेली नवी नावं, हवं तर अटींसकट) केले तर वाटतं झालं काम, पण डोमेन फक्त आत येणारी किंमत तपासतो, बेरीज करताना दोन्ही परत न्यूमेरिकच होतात आणि चुकीचं उत्तर मुकाट्यानं मिळतं. त्यापेक्षा क्रिएट टाइप ह्या आज्ञेनं दोन वेगळे कंपोझिट टाइप (आत फील्ड, म्हणजे रकाने, असलेले टाइप) करा, आत एकच फील्ड असलं तरी चालेल. आता न्यूटन अधिक पाउंड लिहिलं की पोस्टग्रेस थांबतं, असा ऑपरेटरच (अधिकसारखी क्रिया) नाही म्हणतं. न्यूटन अधिक न्यूटन पण सुरुवातीला चालत नाही, तो ऑपरेटर तुम्ही स्वतः लिहायचा. अर्ध्या तासाचं काम आहे.